कातबोंगवरची पाच मिनिटं

कातबोंग हा काही फार मोठा डोंगर नाही. आमच्या गावाच्या पाठीशी, उंच उंच इमारतींच्या मागे, उकिडव्या बसलेल्या म्हाताऱ्यासारखी एक टेकडी आहे, एवढंच. पण आम्हा कोरियन माणसांना टेकडी दिसली की आम्ही तिला पर्वत म्हणतो आणि पर्वताला शोभेल असा साज करून चढायला निघतो. छे आडनावाची मालसुन तर या बाबतीत सगळ्यांच्या वरताण. सकाळी घरातून निघताना अंगात जांभळं जाकीट, कपाळावर सुपाएवढी छत्रीवाली टोपी, हातमोजे, दोन हातांत दोन काठ्या आणि ओठांना लालभडक लिपस्टिक. लिफ्टमध्ये भेटणाऱ्या पोराटोरांना वाटायचं, आजी थेट हिमालयात निघाल्या.

आणि आजी जायच्या कुठे? तर झऱ्यापर्यंत.

टेकडी निम्मी चढली की एक झरा लागतो. पालिकेने तिथे छोटीशी बाग केली आहे. चार बाकं, व्यायामाची चार यंत्रं, पाणी प्यायला लांब दांड्याचे प्लॅस्टिकचे डाव आणि एक छपराखालचा लाकडी ओटा. रविवारी तिथे डबे उघडले जातात, चटया पसरल्या जातात. इतर दिवशी त्या ओट्यावर तीन बायकांचं राज्य. एक मालसुन, दुसरी केस कुरळे करायचं दुकान चालवणारी फिलजा आणि तिसरी बोंगनाम, जिच्या तीन सुना आणि तिघींशी वाकडं. मध्ये जुनं ब्लँकेट, ब्लँकेटवर फुलांच्या चित्रांचे ह्वातूचे पत्ते. पत्ता टाकायचा तो फाट्‌कन आवाज आलाच पाहिजे, नाहीतर तो खेळ कसला! जी हरेल तिने तिघींचे पाण्याचे कॅन खाली वाहून न्यायचे. पैसे लावायच्या नाहीत त्या, सभ्य बायका आहेत.

शिखर झऱ्यापासून वर, आणखी तेवढंच. मालसुन तिथे कधीच गेलेली नव्हती. एकदासुद्धा नाही.

तरी ओट्यावरून ती जाणाऱ्या-येणाऱ्यांना शिखराचं अंतर मात्र छातीठोक सांगायची. आमच्याकडे शिष्टाचारच आहे तसा. चढणाऱ्याने धापा टाकत विचारायचं, "अजून किती?" आणि उत्तर द्यायचं, "आलंच की! पाच मिनिटं!" खरं अंतर कुणी सांगत नाही. खरं सांगितलं आणि समोरच्याने तिथेच बसकण मारली तर ते पाप कुणाच्या डोक्यावर? पण निदान बाकीचे शिखर बघून आल्यावर खोटं बोलतात. मालसुन न बघताच बोलायची आणि वर पत्ता आपटता आपटता म्हणायची, "चला चला, हिंमत धरा, मी आत्ताच तिथून आले!"

हे सगळं सुरू झालं ते नवऱ्यामुळे. नवरा दोकमान, निवृत्त बसड्रायव्हर. जन्मभर शहरबस चालवली आणि डावा गुडघा क्लचने खाल्ला. निवृत्त झाला आणि महिन्याभरात अंथरुणाला आणि खुर्चीला खिळला. त्याच सुमाराला डॉक्टरने मालसुनची साखर बघून डोळे वटारले. "रोज शिखरापर्यंत जायचं, नाहीतर गोळ्या वाढवीन." मालसुन निघाली बिचारी, अगदी खऱ्या मनाने निघाली. झऱ्यापाशी टेकली तर ओट्यावर दोघी पत्ते पिसत हात चोळत बसलेल्या. दोघींत खेळ रंगत नाही, तिसरी लागते.

"ताई, येता का? एकच डाव," फिलजा म्हणाली.

एकच डाव! या दोन शब्दांनी आमच्या देशातली किती घरं बुडाली असतील देव जाणे. मालसुन दुपारी घरी आली तेव्हा खुर्चीतून दोकमानने विचारलं, "गेलीस का गं शेवटपर्यंत? वरून काय दिसतं?"

मालसुन पायातले बूट सोडत होती. तोंडातून निघून गेलं, "समुद्र दिसतो."

म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला की तिला शब्द मागे घेववेना. दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "आज काय पाहिलंस?" समुद्र तर कालच दाखवून झाला होता. मग तिने वर एक वाकडं पाइनचं झाड लावलं. पुढच्या आठवड्यात बेडकाच्या आकाराचा खडक ठेवला. मग एक पांढरा कुत्रा पाळला, जो फक्त उकडलेलं अंडं खातो आणि तेही सोललेलं. पावसाळ्यात जरा मंदी आली तेव्हा एक निवृत्त हेडमास्तर आणून बसवला, जो शिखरावर सॅक्सोफोन वाजवतो आणि बेसूर वाजवतो. दोकमान हेडमास्तरावर खूश होता. "आज काय वाजवलं गं त्याने?" असं जेवताना विचारायचा. मालसुन घास गिळेपर्यंत धून ठरवायची.

अशी वर्षं गेली. गुडघा बदलायचं ऑपरेशनही झालं, घरी येऊन व्यायाम शिकवणारा पोरगा आला आणि गेला. दोकमान काठी टेकत घरात फिरायला लागला. आणि मग या शरद ऋतूत, त्याची सत्तरी चार दिवसांवर आली असताना, त्याने जेवणाच्या टेबलावर बाँब टाकला.

"आपल्या मुलाचा, देहूनचा फोन होता. सत्तरीला हॉटेलात बुफे ठेवतो म्हणतोय. मी नको म्हटलं."

"नको? अहो, फुकटचं जेवण तुम्ही नको म्हटलंत?" मालसुन म्हणाली.

"मला कातबोंगला जायचंय. डॉक्टर म्हणाले, आता चढायला हरकत नाही. आपण दोघंच. डबा घेऊन. तू रोज जे बघतेस ते मला एकदा दाखव."

मालसुनच्या हातातली वाटी टेबलावर टेकली ती टेकलीच. समुद्र, झाड, खडक, कुत्रा, हेडमास्तर, सगळी वरात तिच्या डोळ्यांसमोरून गेली. आणि वरातीच्या मागोमाग एक आणखी वाईट विचार आला. म्हातारा चिडेल, दोन दिवस बोलणार नाही, ते चालेल. पण एकदा का त्याला कळलं की बायको डोंगरावर जात नाही, ओट्यावर पत्ते कुटते, की संपलं. एकतर सकाळी घरी बसावं लागणार, नाहीतर हा रोज शेपटीसारखा मागे येणार. सकाळचे ते दोन-तीन तास हीच काय ती तिची स्वतःची मिळकत होती. बाकी सगळा दिवस कुणाची तरी बायको, कुणाची तरी आई, कुणाची तरी आजी. ओट्यावर ती नुसती मालसुन असायची, आणि तीही पत्ते चोरणारी मालसुन.

"सध्या गांधीलमाश्या फार झाल्यात," ती म्हणाली. "पालिकेने फलक लावलाय."

"पांढरे कपडे घालू. पांढऱ्याला चावत नाहीत."

"रानडुक्कर उतरलंय म्हणे."

"तू रोज जातेस की."

"मला ओळखतं ते."

"मग माझीही ओळख करून दे," दोकमान म्हणाला आणि मान खाली घालून सूप प्यायला लागला.

शनिवारी मालसुन मोठ्या निश्चयाने निघाली. आज काही झालं तरी वर जायचं, वाट पाहून ठेवायची, शिखरावर काय आहे आणि काय नाही ते नीट बघून मगच उद्याची थापेबाजी आखायची. झऱ्यापाशी तिने मैत्रिणींना सगळं सांगितलं. दोघी पोट धरधरून हसल्या.

"हसता काय सटव्यांनो! वर काय आहे ते तरी सांगा."

"आम्हाला काय विचारतेस? आम्ही कुठे गेलोय?" बोंगनाम म्हणाली. "डोंगराचं नाव कोरलेला दगड असेल. प्रत्येक डोंगरावर असतो."

"तो मलाही माहीत आहे!"

"मग जा की, आत्ताच जाऊन ये," फिलजा म्हणाली. तिने पत्ते पिसले होते. "पण जाण्याआधी, एकच डाव?"

तुम्हाला वाटत असेल ती गेली. नाही गेली. त्या दिवशी तिच्या हातात असे पत्ते आले, असे आले, की वर्षानुवर्षांत आले नव्हते. दुपारी ती खाली उतरली ती स्वतःलाच शिव्या घालत. पाण्याचे कॅन मात्र बोंगनामच्या गळ्यात होते.

रविवार उजाडला. वाढदिवसाचं समुद्रशेवाळाचं सूप पिऊन दोघं निघाले. पाठीवरच्या पिशवीत मालसुनने पहाटे उठून वळलेल्या किंबापच्या, म्हणजे शेवाळात गुंडाळलेल्या भाताच्या वळकट्या, उकडलेली अंडी, काकड्या, थर्मासात कॉफी आणि गुंडाळलेली चटई. दोकमानने खरंच पांढरा सदरा घातला होता. हातात काठी, चाल लंगडी.

झऱ्यापर्यंत मालसुन ऐटीत चालली. इथवरचा दगड न् दगड तिचा होता. ओट्यावर दोघी जय्यत तयार होत्या. काल ठरल्याप्रमाणे पत्ते ब्लँकेटखाली लपवले होते आणि दोघी हात वर करून, खाली करून व्यायामाचं सोंग आणत होत्या.

"अगंबाई, मालसुनताई!" फिलजा ओरडली. "शिखराची महाराणी! आज राजेसाहेबही सोबत!"

दोकमानने कमरेत वाकून नमस्कार केला. "तुम्ही रोज इथेच असता?"

"आम्ही आपल्या आळशी," बोंगनाम म्हणाली. "तुमच्या या बायकोला बघून लाज वाटते हो. वाऱ्यासारखी जाते वर! आम्ही हाक मारतो, ताई, जरा टेका. पण छे! नवऱ्याला जाऊन सगळं सांगायचं असतं म्हणते."

"असं म्हणते?" दोकमान म्हणाला.

"डोळ्यांत पाणी आणून म्हणते."

बोंगनाम जरा जास्तच वाहवत चालली होती. मालसुनने तिच्याकडे असं बघितलं की तिने मुकाट्याने पुन्हा हात वर-खाली करायला सुरुवात केली.

झऱ्याच्या पुढे लाकडी पायऱ्या लागल्या. मालसुनने त्या जन्मात पहिल्यांदा जवळून पाहिल्या. आधी तिला वाटलं, चार-दोन असतील. वळण आलं, पुन्हा पायऱ्या. पुन्हा वळण, पुन्हा पायऱ्या. ती धापा टाकायला लागली, लिपस्टिक घामाने हनुवटीवर आली. वरून एक जोडपं उतरत आलं.

"अहो, अजून किती?" मालसुनने विचारलं.

"आलंच की! पाच मिनिटं!"

बऱ्याच वेळाने एक टकलू गृहस्थ भेटला. "किती राहिलं हो?"

"हे काय, पाच मिनिटं!"

त्यानंतर शाळकरी मुलींचा घोळका आला. एकीने तर मालसुनच्या पाठीवर थोपटलं. "हिंमत धरा आजी! आम्ही आत्ताच तिथून आलो!"

"मेल्यांची जीभ झडो," मालसुन पुटपुटली.

"काय म्हणालीस?" मागून दोकमान म्हणाला.

"म्हटलं, गुणी आहेत पोरी."

"तू एवढी दमलीस कशी? रोजची सवय तुला."

"तुमची पिशवी मी उचललीय ना! शिवाय तुमच्यासाठी हळू चालतेय, त्याने जास्त दम लागतो." हे तिला स्वतःलाही पटलं नाही. तिने वळून बघितलं. म्हाताऱ्याला धाप नव्हती. सदऱ्यावर घामाचा ठिपका नव्हता. लंगडत मात्र होता, पण उजव्या पायाने. ऑपरेशन डाव्याचं झालं होतं. मालसुनच्या मनात काहीतरी खटकलं, पण तेवढ्यात समोर वाट फुटली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

दोन वाटा. एक रुंद आणि सपाट, एक अरुंद आणि चढाची. पाटी बहुतेक वादळात पडली असावी, नुसता खांब उभा होता.

"कुठून?" दोकमानने विचारलं.

"इकडून," मालसुन म्हणाली आणि अर्थातच सपाट वाट धरली.

"तू म्हणशील तसं."

वाट झाडांतून वळत वळत गेली आणि एका मोकळ्या जागी येऊन थांबली. समोर गवताने मढवलेला गोल उंचवटा, पुढे दगडी चौथरा. कुणाचं तरी थडगं. पुढे वाट नाही. कावळा ओरडला. दोकमान काठीवर दोन्ही हात ठेवून वाट बघत राहिला, बायको आता काय म्हणते याची.

मालसुनने पिशवी खाली ठेवली, जाकीट सारखं केलं आणि थडग्यासमोर गुडघे टेकून अगदी रीतसर नमस्कार घातला. "रोज आधी इथे येते," ती उठून म्हणाली. "नमस्कार केल्याशिवाय वर जात नाही."

"कोण गं हे?"

"ओळखीचे आहेत."

"आडनाव काय?"

"अहो, मेलेल्या माणसाची चौकशी करतात का अशी!"

दोकमानने टोपी काढली, काठी बाजूला ठेवली आणि तोही टेकला, कपाळ गवताला लावून. मालसुनने डोळे मिटून मनातल्या मनात त्या अनोळखी पूर्वजाची माफी मागितली. परत फाट्यावर आल्यावर दोकमान म्हणाला, "मला आपलं उगीच वाटतं हं, त्या चढाच्या वाटेवर बघ फांदीला रिबिनी बांधल्यात. गिर्यारोहक मंडळं बांधतात ना तशा. वर तीच जात असेल का?"

"तीच जाते. मी कधी नाही म्हटलं?"

या चढावर मालसुन मनात बहाणे रचत होती. समुद्र? आज हवेत धूळ फार, दिसणार नाही. झाड? वादळात गेलं. बेडूक खडक? पालिकेने हलवला, पालिका काय वाट्टेल ते करते. कुत्रा? कुत्र्याला मारावं लागणार, त्याला इलाज नाही. हेडमास्तर मुलाकडे राहायला गेला. एवढा मोठा संसार एका सकाळीत मोडायचा म्हणजे गंमत नव्हे. कुत्र्याचं तर तिला खरोखर वाईट वाटलं.

आणि एकदाची चढण संपली. वर चटईएवढी... बरं, दहा चटयांएवढी सपाट जागा होती. मध्ये नाव कोरलेला दगड, दगडाला मिठी मारून फोटो काढणारी माणसं, एका कडेला कठडा. कठड्यापलीकडे इमारती, इमारतींच्या मागे इमारती, आणि त्यांच्या मागे दुसऱ्या गावाच्या इमारती. कोपऱ्यात छत्रीखाली एक आइस्क्रीमवाला शीतपेटीवर बसला होता. मालसुनने घसा साफ केला.

"आज हवेत धूळ फार आहे हो—"

"अरे, ड्रायव्हरसाहेब!" आइस्क्रीमवाला टाळी वाजवून उठला. "आज रविवारीही? आणि आज झऱ्याच्या बाजूने कसे काय आलात? हे घ्या, तुमचं नेहमीचं, लाल चवळीचं आइस्क्रीम."

मालसुनने मागे बघितलं. मागे दुसरं कुणी नव्हतं.

"आणि या वहिनी का?" आइस्क्रीमवाल्याचं तोंड कानापर्यंत फाकलं. "समुद्र दिसतो म्हणणाऱ्या? वहिनी, वर्ष झालं, तुमचे हे रोज या कठड्याला उभे राहून मला विचारतात, काय रे, आज तरी दिसतोय का? नमस्कार, नमस्कार! कुत्रा कसा आहे?"

दोकमान आइस्क्रीमचा कागद फार काळजीपूर्वक सोलत होता. त्याचे कान लाल झाले होते.

मालसुनने पहिल्यांदा काय केलं असेल? ती भडकली. आमच्या बायका चोरी पकडली गेली की आधी भडकतात, बाकीचं नंतर.

"अहो! तुम्ही रोज येता? गुडघा दुखतो म्हणता, खुर्चीतून पाणी मागता, आणि रोज डोंगर चढता?"

"देवळाच्या बाजूने. तिकडून बस जाते, चढही कमी आहे."

"आणि लंगडणं?"

"ते तुझ्यासाठी."

"चुकीच्या पायाने लंगडत होतात!"

"हो का?" त्याने दोन्ही पायांकडे बघितलं. "तरीच म्हटलं, जड जातंय."

आजूबाजूचे लोक बघायला लागले, तेव्हा तिने कठड्याजवळ चटई पसरली. दोघं बसले. तिने किंबापचा डबा उघडला, पण पुढे केला नाही.

"सांगा आता."

दोकमानने सांगितलं. गेल्या शरदात व्यायाम शिकवणारा पोरगा म्हणाला, आता चढता येईल. त्याने ठरवलं, हिची गंमत करू. ही रोज वर येते, तर आधीच येऊन बसू. देवळाच्या बाजूने, दर दहा पावलांना थांबत तो वर आला. दोन आइस्क्रीमं घेतली. एक स्वतः खाल्लं, एक तिच्यासाठी हातात धरून बसला. ते वितळून मनगटावरून कोपरापर्यंत आलं, पण ती आली नाही. घरी गेला, दुपारी ती आली आणि तिने सांगितलं की आज कुत्र्याने दोन अंडी खाल्ली.

"मग?" मालसुनचा आवाज बारीक झाला होता.

"मग दुसऱ्या दिवशीही आलो. म्हटलं, चुकामूक झाली असेल. तू आली नाहीस. तेव्हा मला वाटलं, तू वाटेत कुठे पडलीबिडलीस. साखर उतरली असेल, चक्कर आली असेल. या बाजूने खाली उतरलो. उतरलो कसला, पळालो. नवीन गुडघ्यावर. प्रत्येक वळणावर वाटायचं, आता ती आडवी दिसणार."

तो खाली बघत म्हणाला, "झऱ्यापाशी आलो तर आधी आवाज ऐकू आला. तू हसत होतीस. पत्ता आपटलास आणि अशी हसलीस की ती कुरळ्या केसांची बाई ओट्यावरून पडता पडता राहिली. मी संडासाच्या भिंतीमागे उभा राहिलो. म्हटलं, जिवंत आहे. बास."

मालसुनने डब्याचं झाकण लावलं आणि पुन्हा उघडलं.

"पुढे का नाही आलात?" ती शेवटी म्हणाली. "चार शिव्या तरी घालायच्या होत्यात. इतकी वर्षं फसवलं मी तुम्हाला."

"आलो असतो तर तू गप्प झाली असतीस. घरी तुझं तसं हसू कधी ऐकलं, तेच मला आठवेना. म्हटलं, कशाला मोडा. आणि फसवलंस म्हणतेस, तर मी खुर्चीत पडलेला असताना तू खरोखर इथे येऊन खरं सांगितलं असतंस तर काय सांगितलं असतंस?" त्याने कठड्याकडे हनुवटी केली. "इमारती? मी कंटाळूनच मेलो असतो."

खरं म्हणजे इथे मालसुनने सुटकेचा श्वास सोडायला हवा होता. पण तिच्या डोळ्यांपुढे दुसरंच येत होतं. वर्षभर हा माणूस या कठड्यापाशी एकटा बसला. बोलायला कोण, तर आइस्क्रीमवाला. आणि निम्म्या वाटेवर ती खाली बसून चोरलेले पत्ते मांडीखाली सरकवत होती. तिला स्वतःचा राग आला, त्याची दया आली, आणि त्याबरोबर हेही कळलं की आता काय बोलणं भाग आहे. ते बोलायच्या आधी तिने ओट्याला, ब्लँकेटला, फिलजाला आणि बोंगनामला मनातून निरोप दिला. छातीवर दगड ठेवला म्हणतात ना, तसा.

"उद्यापासून मी येते तुमच्याबरोबर," ती म्हणाली. "वरपर्यंत. रोज. पत्ते पुरे झाले."

दोकमानच्या हातातलं आइस्क्रीम तोंडापाशीच थांबलं. मालसुन डब्यातल्या किंबापकडे टक लावून बसली होती आणि मनातल्या मनात एकच शब्द ऐकायची वाट बघत होती, आणि कुठला ते तिला कबूल करवत नव्हतं.

"नको," तो म्हणाला.

"अं?"

"अजिबात नको." म्हातारा चक्क घाबरला होता. "अगं, जन्मभर बस चालवली मी. मागे सदा पन्नास माणसं. कुणी घंटी दाबतंय, कुणी ओरडतंय, कुणी भांडतंय, कुणी माझ्या मानेवर शिंकतंय. इथे पहिल्यांदा माझ्या मागे कुणी नाही. एकटाच बसतो, आइस्क्रीम खातो. इतकं बरं वाटतं म्हणून सांगू! वाढदिवसाला ये, वर्षातून एकदा. पण रोज?" त्याने हात जोडले. "रोज नको गं बाई."

मालसुन इतकी खूश झाली की तिची तिलाच लाज वाटली. आणि मग ती हसली. आधी नाकातून, मग तोंडातून, मग सगळ्या अंगातून. नावाच्या दगडाला मिठी मारून उभे असलेले लोक फोटो काढायचं विसरून बघायला लागले. आइस्क्रीमवाला शीतपेटीवरून उठला. दोकमान इकडेतिकडे बघत म्हणाला, "अगं हळू, लोक बघतायत," पण तोही हसतच होता.

"नको काय, नको!" मालसुन म्हणाली. "बायको येते म्हणते तर नको!" आणि तिने त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की उरलेलं आइस्क्रीम चटईवर पडलं. सदरा समोरून कोरडा दिसत होता, पण पाठीवर घामाने चिंब होता आणि धपाट्याखाली बरगड्या लागत होत्या. कधी एवढा वाळला हा, तिला कळलंच नव्हतं. दुसरा धपाटा घालायला उचललेला हात तिने अलगद त्याच्या पाठीवर टेकवला आणि तिथेच ठेवला. दुसऱ्या हाताने डबा त्याच्यापुढे सरकवला.